'हं' म्हणणारा मुराळी

बमरोली, सुरत
आखाजीनंतरचा (कॅलेंडरात अक्षय्य तृतीया) तिसरा रविवार

तीर्थस्वरूप रंजनाताईस धाकट्या गजेंद्रचा वाकून नमस्कार. (वाकलेला तर मी असतोच. त्याचं कारण पुढे येईल.)

इकडे सगळं ठीक आहे. मायचे गुडघे जिना चढताना दुखतात आणि देवळाकडे जाताना दुखत नाहीत. तुझ्या भावजयीचं, हर्षदाचं, डोकं मी घरी असलो की दुखतं. माझी मान दुखते म्हणून पांडेसऱ्याच्या डॉक्टरकडे गेलो होतो. ते म्हणाले, खाली बघणं कमी करा. मी म्हटलं, साहेब, मी स्वभावानेच खाली मान घालून चालणारा माणूस आहे. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे नुसतं बघितलं आणि मलम लिहून दिलं. दाजींना नमस्कार सांग. म्हैस व्याली असेल तर कळव, नसेल व्याली तरी कळव. तुझी तब्येत कशी आहे? पत्रात विचारायची रीत आहे म्हणून हे विचारलेलं नाही, पण पहिल्याच पानावर सरळ मुद्द्याला हात घालण्याइतकी माझी हिंमत नाही, म्हणून आधी बाकीचं लिहितो.

पत्र बघून तुला वाटलं असेल की कोणाची तरी सोयरीक जमली किंवा कोणीतरी गेलं, कारण आजकाल घरी कागद येतो तो एवढ्यासाठीच. तसं काही नाही. तू माझा नंबर बंद करून टाकलास, म्हणून हा कागद. वीस वर्षांनी पेन धरलंय. चार ओळींत बोटं आखडली, आणि प्रत्येक वाक्य संपलं की अंगठा आपोआप हसरा पिवळा चेहरा शोधायला कागदाच्या खालच्या कोपऱ्यात जातो. एक चेहरा मी समासात पेनाने काढलाही होता, पण तो रडका दिसायला लागला म्हणून खोडला. (डाग दिसतोय तो तोच.) रविवारी तू हर्षदाच्या फोनवर मायशी बोलतेस तेव्हा मी पलीकडच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेला असतो. मागच्या रविवारी मायने विचारलं, ताप उतरला का, तर तू दोनदा खोकलीस. तापाची थाप माझी आणि खोकला तुझा. शिवाय सांजोऱ्या मऊ झाल्या होत्या असंही तू तिला सांगितलंस, आणि त्या सांजोऱ्या तू डोळ्यांनीसुद्धा बघितलेल्या नाहीत. माझ्याशी बोलायचं नाही आणि माझी अब्रू मात्र राखायची, असं तू तीन आठवडे चालवलंयस. त्यामुळे मला अन्न गोड लागत नाही. (जेवतो दोन्ही वेळा, पण गोड लागत नाही.)

आता कबुलीजबाब. आखाजीला तुला माहेरी न्यायला मी मुराळी होऊन आलो आणि एकटाच परत गेलो, हे तुला माहीत आहे. पण मला उशीर का झाला आणि मायने दिलेली पिशवी कुठे गेली, याबद्दल मी तुला जे सांगितलं ते सगळं खोटं होतं. खरं सांगायचं तर आधी माझं दुखणं सांगावं लागेल. मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालणाऱ्या खात्यात मी मुकादम आहे. खात्यात फोन न्यायला बंदी आहे, तो दरवाजाजवळच्या कपाटात ठेवावा लागतो. तरी दर दहा मिनिटांनी माझ्या उजव्या मांडीवर फोन थरथरतो. फोन कपाटात आणि थरथर मांडीत. मी खिशात हात घालतो, खिसा रिकामा असतो, आणि तेवढ्यात एखादा कारागीर साडीची घडी उलटी घालून मोकळा होतो. मी एकूण एकतीस ग्रुपांत आहे. त्यातला एक 'घडी खाते (फक्त कामाचे)', त्यात रोज सकाळी चाळीस फुलं येतात आणि काम कधीच येत नाही. एक साक्रीकडच्या शेळ्या पाळणाऱ्यांचा आहे. त्यात मला कोणी घातलं, देव जाणे. मला शेळी नाही, शेळी बांधायला जागा नाही, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. पण बाहेर पडायचं म्हटलं की वाटतं, आपण पडायचो आणि नेमकं त्यानंतरच काहीतरी महत्त्वाचं यायचं. स्टेटसचं तर विचारूच नकोस. ते टाकलं की कोणी कोणी बघितलं याची यादी मी दर दोन मिनिटांनी वाचतो. कतारगामचा सुकदेव, जो डोळ्याला भिंग लावून हिरे घासतो, तो त्या यादीत कायम पहिला असतो. त्याच्याशी समोरासमोर बोलून चार वर्षं झाली, पण एखाद्या दिवशी तो तिसरा आला की मला वाटतं, आपलं काही चुकलं का.

याच दुखण्यापायी तीन वर्षं मी तुझं मूळ फोनवरच लावलं. आखाजीला भावाने बहिणीच्या दारात स्वतः जाऊन उभं राहायचं आणि तिला घेऊन यायचं, ही रीत मी 'आता जमाना बदलला' एवढं म्हणून गुंडाळून ठेवली. मायसमोर फोन तांब्याला टेकवून ठेवायचा, तिकडे तू, इकडे ती, आणि झाली आखाजी. पहिल्या वर्षी मायने तुझ्या गालाला हात लावला आणि फोन कट झाला. दुसऱ्या वर्षी तिने भीतीने दोन्ही हात पदराखाली घेतले. तिसऱ्या वर्षी तिने आमरसाची वाटी पडद्यासमोर धरली, तू तिकडून 'खाल्ला, माय' म्हणालीस, आणि मी त्याचा फोटो काढून 'अंतर कितीही असो' असं लिहून टाकला. एकशे नव्वद जणांनी बघितला. माय त्या दिवशी जेवली नाही, हे मला हर्षदाने आठवड्यानंतर सांगितलं, कारण आधी सांगायला आली तेव्हा मी यादी वाचत होतो. यंदा मात्र मायने तंबी दिली, "पोर काचमा दखाडू नको, घर लई ये." तिने स्वतः बसून सांजोऱ्या तळल्या, तुझ्यासाठी वर्षभर जपलेली मोरपंखी साडी पिशवीत वर ठेवली आणि मला उधन्याच्या स्टेशनला धाडलं.

गाडीत बसल्या बसल्या मी पहिलं स्टेटस टाकलं, 'मुराळी निघाला'. बारडोलीला दुसरं, व्याऱ्याला तिसरं. लोक 'वा भाऊ', 'असा भाऊ सगळ्यांना मिळो' असं लिहायला लागले, आणि तुला आणण्याचं निम्मं काम झालंच असं मला वाटायला लागलं. नवापूरला गाडी थांबली. ते स्टेशन तू बघितलंयस, अर्धं गुजरातमध्ये, अर्धं महाराष्ट्रात, आणि फलाटावरच्या एका बाकाच्या बरोबर मधून हद्द जाते. मी खाली उतरलो आणि बाकावर मधोमध बसलो, एक मांडी इकडे, एक मांडी तिकडे. पहिल्या फोटोत पाटी येईना, दुसऱ्यात डोळे मिटले, पाचव्यात मागे कुत्रं आलं, नवव्यात मी बरा आलो पण हद्द नीट दिसेना. अकरावा जमला. त्यावर 'अर्धा गुजरातचा, अर्धा महाराष्ट्राचा, पण पूर्ण मुराळी' असं लिहिलं, टाकला, आणि सुकदेवची वाट बघत बसलो. सुकदेवने बघितलं. मी समाधानाने मान वर केली तर समोर थेट पलीकडचं शेत दिसत होतं, म्हणजे मध्ये जी गाडी असायला हवी होती ती नव्हती. भजी विकणारा एक म्हातारा म्हणाला, "भाई, गाडी तो क्यारनी नीकळी गई." मी त्याच्यावरच डाफरलो, मला हाक का नाही मारली म्हणून. त्याने सांगितलं की तीनदा मारली, आणि तीनही वेळा मी बोट वर करून एक मिनिट थांबा असं सांगितलं. ताई, इंजिन बिघडलं असं मी तुला म्हणालो होतो. इंजिनाला काही झालं नव्हतं. पिशवी चोरीला गेली असंही म्हणालो होतो. पिशवी मायच्या सांजोऱ्या आणि तुझी साडी घेऊन माझ्याशिवाय वेळेवर भुसावळला गेली.

तोच फोटो दाजींनी दोंडाईच्याच्या स्टेशनवर उभ्या उभ्या बघितला, हे मला नंतर कळलं. वैशाखाचं ऊन, मोटारसायकलची सीट तापलेली, डोक्याला उपरणं, आणि हातातल्या फोनवर मेहुणा बाकावर बसून हसतोय. त्यावर त्यांनी काही लिहिलं नाही, नुसता अंगठा पाठवला. दाजींसारखा सज्जन माणूस मी दुसरा बघितला नाही. पुढची गाडी येईपर्यंत मी लोकांच्या शाबासक्यांना एकेक करून उत्तरं देत बसलो आणि फोनचं चार्जिंग संपलं. दोंडाईच्याला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं, दाजी म्हशीच्या वैरण-पाण्याची वेळ झाली म्हणून घरी गेले होते, आणि माझ्या ध्यानात आलं की मला तुझा नंबर पाठ नाही. दाजींचा नाही, हर्षदाचासुद्धा नाही. पाठ असलेला एकच नंबर निघाला, तो आपल्या गावच्या टेलिफोन बूथचा, आणि तो बूथ बंद पडून पंधरा वर्षं झाली. रस्ताही आठवेना. ज्या रस्त्याने तुझ्या लग्नानंतर मी पाठराखणीला बैलगाडीतून आलो होतो, तो रस्ता गेली आठ वर्षं फोन सांगत होता, म्हणून लक्षात ठेवायचं काम मी सोडून दिलं होतं. रिक्षावाल्याला गाव सांगितलं, फाट्यावर उतरलो, डावीकडे जायचं ते उजवीकडे गेलो, आणि बरंच चालल्यावर भलत्याच गावाच्या पारावर पोहोचलो. तिथे बसलेल्या एका बाबांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "रामदासना साला शे का तू?" मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं. ते म्हणाले, नाकावरून, रामदासच्या बायकोचं नाक अस्संच आहे. एकतीस ग्रुपांत नाव असलेला माणूस शेवटी नाकावर सापडला. ते बाबा काठी टेकत अर्ध्या वाटेपर्यंत माझ्याबरोबर आले.

घरी तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. खिचडी वाढलीस, वर तेल घातलंस, अंगणात खाट टाकलीस. तुझी भरलेली पिशवी दारामागे ठेवलेली मी बघितली आणि मनात म्हटलं, चला, निभावलं. सकाळी चहा झाला. गाडीला दोन तास होते. फोन पूर्ण चार्ज झाला होता आणि त्यात दोनशे सहा मेसेज येऊन पडले होते. तू सुपात गहू घेऊन ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसलीस आणि हळू आवाजात बोलायला लागलीस. मी 'हं' म्हणालो. त्या वेळी मी काय वाचत होतो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. शेळ्यांच्या ग्रुपात चांदी नावाच्या शेळीचं नाक गळत होतं. एकजण म्हणत होता ओवा द्या, दुसरा म्हणत होता ओव्याने दूध आटतं, आणि ज्याने जन्मात शेळीची धार काढलेली नाही असा मी त्यांना हळद सुचवत होतो. तू बोलत होतीस, मी 'हं' म्हणत होतो, 'हो ना' म्हणत होतो, एकदा तर 'बघू, करू काहीतरी' असंही म्हणालो. मग तू थांबलीस आणि माझी परीक्षा घेतल्यासारखं विचारलंस, "मी आते काय सांगं तुले?" मी मान वर न करता म्हणालो, बरोबर आहे तुझं.

त्यानंतरचं मला सगळं आठवतं, कारण तेव्हा मी बघत होतो. तू उठलीस, दारामागची पिशवी उघडलीस, एकेक साडी काढून पेटीत परत ठेवलीस, घड्या इतक्या सरळ की आमच्या खात्यात नेऊन दाखवाव्यात. दाजी म्हशीकडे तोंड करून उभे राहिले. तू म्हणालीस, "मायले सांगजो, मी येत नही." मी हात जोडले, पण हातातला फोन खाली ठेवायचं सुचलं नाही, आणि जोडलेल्या हातांत तो वाजला. चांदीला बरं वाटत होतं.

एकटा घरी आलो तेव्हा मायने गॅलरीत झोका बांधून घेतलेला होता. आखाजीला माहेरवाशिणीने झोका खेळायचा म्हणून, बावन्न वर्षांच्या लेकीसाठी. तो अजून तिथेच आहे. हर्षदा त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालायला गेली तर माय तिच्या अंगावर धावली. मी तिला सांगितलं, ताईला ताप आलाय. ती म्हणाली, मग तू परत कशाला आलास, तिच्याजवळ थांबायचं ना. मी खिशात हात घातला आणि कोणाचा तरी फोन आल्यासारखं केलं. ताई, मी नालायक आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण आपल्या आईसमोर मुक्या फोनवर 'हां बोला, बोला' असं म्हणताना ते जरा जास्तच कळलं.

सुधारायचा प्रयत्न करून बघितला. एक दिवस फोन घरी ठेवून मिलमध्ये गेलो. अकरा वाजेपर्यंत माझी खात्री पटली होती की सुरतेत काहीतरी भयंकर घडलंय आणि ते फक्त मलाच माहीत नाही. खात्यातल्या संदीपला तीनदा विचारलं, काही झालंय का. तिसऱ्यांदा त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. संध्याकाळी धावत घरी आलो तर एकच माणूस माझी वाट बघत होता, तो म्हणजे सुकदेव. आज स्टेटस का नाही, तब्येत बरी आहे ना, असं त्याने विचारलं होतं. चार वर्षांत त्याने मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

तेव्हा ताई, माझ्यासाठी नको, मायसाठी चार दिवस ये. आखाजी गेली तर गेली, झोका बांधलेला आहे. दाजींच्या जेवणाची अडचण होत असेल तर त्यांनाही घेऊन ये, त्यांना मी स्वतः आंबे पिळून रस करून घालीन. मोठ्यांच्या पायांवर डोकं, धाकट्यांना आशीर्वाद, आणि म्हशीला जे योग्य असेल ते.

तुझा (तू मानलंस तर) भाऊ
गजेंद्र

ता. क. : यापुढे तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगतो. या पत्राचं पहिलं पान लिहून झाल्यावर मी त्याचा फोटो काढला आणि 'हाताने लिहिलेल्या पत्राची सर कशालाच नाही' असं लिहून स्टेटसला टाकला. अकरा मिनिटांनी हर्षदाचं लक्ष गेलं, म्हणून काढून टाकला. तोवर चौसष्ट जणांनी वाचलं होतं. दाजींनी त्यात पाहिलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून वाचल्यासारखं करावं.

आणखी एक ता. क. : जे विचारायला बसलो होतो ते एवढी पानं भरूनही विचारलंच नाही. त्या सकाळी तू काय सांगत होतीस? रोज साड्या मोजताना मी ते आठवायला बघतो. मला चारच तुकडे सापडले आहेत. 'दवाखान्यात', 'दोनदा', 'पुढच्या महिन्यात' आणि 'मायले सांगू नको'. मधलं सगळं त्या शेळीने खाल्लं. हे चार तुकडे मी उलटेसुलटे लावून बघतो, आणि कसेही लावले तरी मोजलेल्या साड्या पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागतात. तुला काही झालंय, की दाजींना? तू मला विश्वासाने सांगितलंस, मी 'बघू, करू काहीतरी' असं कबूलही केलं, आणि काय करायचं कबूल केलं ते मला ठाऊक नाही. माहेरी येऊ नकोस, माझा नंबर बंदच ठेव, मला हवं ते बोल, पण एवढं मला कळव. मी फार घाबरलोय.

तिसरा ता. क., गाडीत : पत्र टाकायला पेटीपर्यंत गेलो आणि टाकवलं नाही. तुझं उत्तर येईपर्यंत मी त्या चार तुकड्यांसोबत राहू शकत नाही. घरी येऊन मायला ताप, पिशवी, इंजिन, सगळं खरं सांगितलं. (ते चार तुकडे सोडून. तेवढं वचन तरी पाळतो.) तिने मध्ये दुसरीकडे कुठेही न बघता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाय. फोन आठे ठेव." फोन तिने गव्हाच्या कोठीत पार तळाशी पुरला. नवापूरला गाडी बराच वेळ थांबली. मी खिडकीची दांडी धरून बसून राहिलो. मांडी दोनदा थरथरली, पण मी उठलो नाही. अक्षर वाकडं येतंय ते गाडीमुळे.

शेवटचं : या पाकिटावर तिकीट नाही, ते दाजींच्या हातून तुझ्याकडे येतंय. हे मी तुझ्या ओट्यावर बसून लिहितोय आणि दाजी हात पुढे करून उभे आहेत. त्यांना मी काही विचारलेलं नाही, तुझ्या तोंडूनच ऐकायचं म्हणून. तू सावकाश वाच, मला कुठे जायचं नाही. पाणी नको, चहा नंतर. नुसती बाहेर येऊन बस, आणि पहिल्यापासून सांग.